निघताना ‘येतो’ म्हणावयाचे राहून गेल्याबाबत

प्रति,
मेहेरबान भरती अंमलदार साहेब,
लष्कर भरती कचेरी, पुणे.

विषय : शिपाई ज्ञानू सोनबा लिम्हण, रा. विंझर, पेटा वेल्हे, यास एक शब्द बोलण्यापुरती रजा मिळणेबाबत.
संदर्भ : माझे याआधीचे दोन अर्ज. जबाब नाही.

महोदय,

१. अर्जदार बाई विधवा असून ज्ञानू हा तिचा एकुलता एक मुलगा. सांगणारी मी, लिहिणारे आमचे सावळाराम मास्तर. गेल्या महिन्याच्या बारा तारखेस विंझर-वेल्ह्याची अकरा पोरे पुणे स्टेशनावरून लढाईला रवाना झाली. त्यांना पोचवावयास अवघा गाव गाड्या जुंपून आला होता. फलाटावर हलगी, लेझीम, गुलाल. कोण रडतंय नि कोण नाचतंय, काही कळेना.

२. साहेबांच्या मुलखात काय रीत आहे ठाऊक नाही. आमच्याकडे निघणारा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, आणि मागे राहणारा ‘ये’ म्हणतो. नुसते शेताला निघायचे असले तरी. दहा पोरांनी खिडकीतून आपापल्या आईला ‘येतो’ म्हटले. माझा ज्ञानू म्हणाला नाही.

३. आधीच्या अर्जांत मी याचा दोष हलगीला दिला, गार्डाच्या शिट्टीला दिला. ते खोटे होते, माफी असावी. खरे असे की, ज्ञानूने खिडकीतून माझा हात धरला होता आणि गाडी हलली तरी सोडीना. मी शेजारून पळत होते. तो काही म्हणणार, इतक्यात पोरगं खाली पडंल या भयाने म्याच ओरडले, ‘सोड हात, जा!’ त्याने हात सोडला आणि तोंड मिटले. मास्तर म्हणतात, असले अर्जात लिहीत नाहीत. म्या म्हटले, लिहा.

४. परवा त्याचे पत्र आले. खुशाल आहे, बूट चावतात, पंधरवड्यात बोटीने पुढे जातो. पुन्हा ‘जातो’च! शेजारीण चंद्राबाई म्हणते, एवढ्याशा शब्दानं काय हुतंय? तिचा पोरगा ‘येतो’ म्हणून गेला आहे, तिचं काय जातंय म्हणायला.

५. तरी विनंती की, ज्ञानूस एक दिवसाची रजा द्यावी. गावी येऊ नये, फलाटावरच उतरावे, ‘येतो’ म्हणावे आणि मिळेल त्या गाडीने परत फिरावे. मी हात धरणार नाही. ते जमत नसल्यास त्याच्या अंमलदाराने तो शब्द त्याच्याकडून वदवून घ्यावा व तसा दाखला पाठवावा. तेही नियमात बसत नसेल, तर बोट सुटण्याआधी त्याला एका शब्दाची तार करावी : ‘ये’. खाली नाव घालू नये. कोणी म्हटले ते त्याला कळेल.

आपली नम्र, आणि जबाब मिळेपर्यंत आपल्या कचेरीच्या पायरीवर बसलेली,
साळूबाई सोनबा लिम्हण
(डाव्या हाताचा अंगठा)
तारीख ९ डिसेंबर १९४१

सोबत : ज्ञानूचे पत्र. वाचून झाल्यावर परत मिळावे, एकच आहे.