मंदाकिनीच्या खोकल्याचे चार स्रोत

४ डिसेंबर २०२२, रविवार. सकाळी ६ (प्रत्यक्षात ८.४०)
संशोधन सुरू. हवा मोजायचं मशीन गॅलरीत लावलं. धूळ, धूर, वायू, वाऱ्याची दिशा, सगळं दर पाच मिनिटांनी कॉम्प्युटरवर येतं.
मंदाकिनी दिवाळीपासून विश्रांतवाडीला, लेकीकडे. कारण तिचा खोकला. बिबवेवाडीची हवा तिला सोसत नाही, हे ती बॅग भरत होती तेव्हाच मी सांगितलं. ती काही बोलली नाही, म्हणजे पटलं असणार. तेव्हा प्रदूषणाचा स्रोत शोधायचा, बंद करायचा, बायको परत आणायची. महिनाभराचं काम. बत्तीस वर्षं कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवलंय.

७ डिसेंबर
पद्धत सोपी आहे. हवेतल्या कुठल्या गोष्टी एकत्र वाढतात आणि एकत्र उतरतात ते मॉडेल बघतं, आणि उलट हिशेब करून मूळ स्रोत वेगळे काढतं. मंदाकिनीला फोनवर नीट समजावून सांगितलं. ती म्हणाली, "जेवलात का?" विषयाची गोडी लागायला वेळ लागतो.
कॉल : १ मि. ५० से. खोकला : शून्य. अर्थात. हवापालट.

१३ डिसेंबर
रोज घरीच स्वयंपाक करायचा निश्चय. फोडणी जळाली, मशीनचा आकडा आभाळाला भिडला. तेवढा डेटा वगळला. उद्यापासून डबा लावतोय. निव्वळ संशोधनाच्या शुद्धतेसाठी.

१९ डिसेंबर
मॉडेल चाललं! स्रोत चार. वाहनं ३८ टक्के, रस्त्याची धूळ २२, जाळलेला कचरा ११. राहिलेले २९ अज्ञात.
मॉडेल फक्त आकडे देतं, नाव संशोधकानं द्यायचं असतं. बिल्डिंगखाली संपत कोळशाची इस्त्री चालवतो. अज्ञात म्हणजे संपत.
ही बातमी कुणाला तरी सांगावीशी वाटली. फोन केला. हेमा म्हणाली, आई शेजारी गेलीय. तिच्या फोनची वाट बघितली. विसरली असेल.

२० डिसेंबर
संपतला ग्राफ दाखवला. म्हणाला, "सर, सोळा वर्षं हितंच हाय मी. वहिनींचा खोकला तुम्ही रिटायर झाल्यावरचा."
एका माणसाचं मत. नमुना अपुरा. माझे शर्ट त्यानं तसेच चुरगळलेले परत पाठवले.

२ जानेवारी
संपत पुतणीच्या लग्नाला गावी, दहा दिवस झाले. आयताच प्रयोग. अज्ञात स्रोत २९ वरून ३१ वर गेला.
वारा बदलला असणार.
(सकाळी ६ चं वाचन आज पुन्हा राहिलं. मशीन आपोआप घेतं, पण बघायला कुणी असावं.)

८ जानेवारी, रविवार
सोसायटीच्या मीटिंगमध्ये प्रेझेंटेशन. स्लाइड्स बावीस. सातव्या स्लाइडला हॉलमध्ये फक्त चेअरमन हिंदुराव उरले. ही सगळी जमीन एके काळी त्यांच्या घरची, त्यामुळे मातीशी बांधिलकी असावी. शेवटी म्हणाले, "सर, गनित झ्याक हाय. पन वैनी कवा येनार?"
म्हटलं, ते निष्कर्षात आहे. ते म्हणाले, आटपा मग, हॉल बंद करायचाय. किल्ली त्यांच्याकडेच होती.

१४ जानेवारी
चूक सापडली. तुलनेला दुसरी जागा नाही! मशीन विश्रांतवाडीला नेतो. तिथली स्वच्छ हवा आकड्यात पकडली की आपला मुद्दा सिद्ध. मंदाकिनी आकडे मानते. मला वाटतं मानते.

२२ जानेवारी, रविवार
मशीन हेमाच्या गॅलरीत तीन तास ठेवलं. आळंदी रोड खालूनच जातो. आकडा ११८. याच वेळेला माझ्याकडे सरासरी ७४.
मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. १२१.
आत मंदाकिनी शेजारणीबरोबर मटार सोलत होती. दोघी सारख्या बोलत होत्या, हसत होत्या. तीन तासांत खोकला एकदाही नाही. शेजारीण गेल्यावर विचारलं, इथली हवा इतकी वाईट, मग तुझा खोकला गेला कुठे?
तिनं शेंग सोलता सोलता सांगितलं, "हवेचं काही नव्हतं हो. तुम्ही दिवसभर त्या कॉम्प्युटरमध्ये. मी खोकले की तेवढं वर बघायचात."
मी मशीनची वायर गुंडाळली. विचारलं, मग येतेस कधी?
ती म्हणाली, "मटारची उसळ देते डब्यात. न्याल ना?"
बसमध्ये मशीन मांडीवर, त्यावर डबा. घरी पोचलो ७.१०. उसळ खाल्ली. चांगली होती. मग खुर्चीत बसून एकदा खोकून बघितलं. बरंच मोठ्यानं.