एगाशिराला दिलेली खाट

सागा, २० मे २००४

चि. कुनिएस अनेक आशीर्वाद.

इस्पितळातून घरी आलो. फोनवर तू फार किंचाळतेस, म्हणून मुद्दाम पत्र लिहितो. यकृतात चरबीची एक गाठ होती, असं किइची म्हणाला. डॉक्टरांनी बरगड्यांमधून लांब सुई घातली आणि तिचं टोक तापवून गाठ जागच्या जागी शिजवली. आजी पाठीवर पाला जाळून डाग द्यायची ना, तसाच हा डाग, फक्त आतून. खरं सांगायचं तर आजीचा जास्त भाजायचा.

मच्छीमार सोसायटीत सगळ्यांना सांगून टाकलं की पोट जड वाटत असेल तर हा नवा डाग घेऊन या. बोटीवरचा एगाशिरा म्हणतो, मी आता इस्पितळाची दलाली सुरू करावी. तेव्हा तुझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी शिकवलेल्या प्रार्थना माझ्यावर खर्च करू नकोस. पुढे कुणाला तरी लागतील.

तुझा दादा,
तामेयोशी


नागासाकी, २५ मे

सौ. मात्सुएवहिनींना सा. न. वि. वि.

पत्राच्या सुरुवातीला ऋतूचं वर्णन करावं एवढी सभ्यता आज माझ्यापाशी नाही. चरबीच्या गाठीत कुणी तापलेली सुई खुपसत नाही. मी पस्तीस वर्षं मुलींना जीवशास्त्र शिकवलं आहे, आणि दादा आजीच्या डागाच्या गोष्टी सांगून मला गप्प करू पाहतो. तो बिचारा खरंच तसं समजतो आहे, हे त्याच्या अक्षरावरून दिसतं. तुम्ही मात्र तसं समजत नसणार. खरं काय ते उलट टपाली कळवा, नाहीतर मी गाडीत बसून येते आणि तुमच्या ओसरीवर ठाण मांडते.

मोठ्यांना नमस्कार सांगण्याची सोय नाही, कारण आता मोठे आपणच.

कुनिए


सागा, २ जून

कुनिएवन्सं यांस मात्सुएचा नमस्कार.

तुमच्यापासून काही लपत नाही. कर्करोगच आहे. डॉ. इवानागांनी रीतीप्रमाणे आधी किइचीला एकट्याला बोलावून घेतलं, आणि वडिलांना काय सांगायचं ते विचारलं. किइचीने ठरवलं की सांगायचं नाही. तुम्हाला मामंजींचं आठवत असेल. कळलं त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून झोपले, ते परत इकडे वळलेच नाहीत. ह्यांचंही तसं झालं तर?

गाठ लहान होती आणि पुरती जळाली. पण यकृतच दुखणाईत, त्यात नवी गाठ उगवतच राहणार, असं डॉक्टर म्हणतात. उगवली की लगेच जाळायची. फार वाढली, शिरेत शिरली, तर मग सुईचा उपयोग नाही. दर तीन महिन्यांनी तपासणी आहे. आम्ही नेऊच ना त्यांना, हाताला धरून नेऊ. तुम्हाला माझ्या गळ्याची शपथ, ह्यांच्याकडे शब्द काढू नका.

तुमचा राग समजते. तरी माया असू द्या.

मात्सुए


नागासाकी, ८ जून

सौ. वहिनींना नमस्कार.

हाताला धरून न्यायला दादा काय बालवाडीत आहे? पंचाहत्तराव्या वर्षीही पहाटे बोट हाकतो, समुद्रातल्या नोरी शेवाळाच्या जाळ्या ओढतो, सोसायटीत भांडणं मिटवतो, आणि स्वतःच्या यकृताची बातमी त्याला पेलणार नाही! बाबा भिंतीकडे वळले ते बातमीमुळे नव्हे. त्यांचं पोट आतून सडलं होतं आणि दुखत होतं, म्हणून.

ज्या विषाणूने त्याचं यकृत पोखरलं तो आला कुठून, तेही ऐका. लहानपणी शाळेत अख्ख्या रांगेला एकाच सुईने लस टोचायचे. त्याच सुईखाली मीही दंड धरला होता. मी सुटले, दादा सापडला. तेव्हा आम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि आजही त्याला कुणी काही सांगत नाही. प्रगती म्हणतात ती हीच असावी.

शपथ पाळते, कारण घर तुमचं आहे. पटलं म्हणून पाळत नाही.

तुमची (सध्या नावापुरती)
कुनिए


सागा, ३० ऑक्टोबर

कुनिएवन्सं यांस नमस्कार.

लिहू नये असं वाटत होतं, पण मन कुठे मोकळं करू? सप्टेंबरच्या तपासणीत नवी गाठ दिसली, वाटाण्याएवढी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला खाट मिळाली होती. ह्यांना सांगितलं की चरबी पुन्हा जमली आहे, ती जाळून घेऊ. हे हो म्हणाले होते.

मग एगाशिरांचं झालं. तुम्ही त्यांना ओळखता, ह्यांच्या बोटीवरचे भागीदार. बायको गेलेली, मूलबाळ नाही. त्यांच्याही यकृतात गाठ निघाली. घरचं कुणी बोलावण्यासारखं नाही, म्हणून डॉ. इवानागांनी त्यांनाच समोर बसवून कर्करोग हा शब्द उच्चारला. खाट मात्र नवीन वर्षापर्यंत नाही. रात्री ते आमच्या चुलीपाशी येऊन रडले. इतका मोठा माणूस.

दुसऱ्या दिवशी हे कुणाला न सांगता सायकल काढून इस्पितळात गेले आणि सांगून आले की माझी खाट एगाशिराला द्या. माझी नुसती चरबी आहे, हंगाम संपला की येईन, खऱ्या रोग्याची जागा मी अडवणं बरं दिसत नाही. डॉ. इवानागा म्हणे ह्यांच्यामागे धावत फाटकापर्यंत आले. पण किइचीला शब्द दिलेला. एवढंच म्हणाले की शक्य झाल्यास लवकर केलेलं बरं. ह्यांना ते शिष्टाचाराचं बोलणं वाटलं.

घरी आले ते इतके खुशीत! एगाशिरांसाठी शुभाचा लाल भात करायला सांगितला मला. वन्सं, मी केला. वाढलाही.

मात्सुए


नागासाकी, २ नोव्हेंबर

चि. किइचीस,

आशीर्वाद नंतर देईन, आधी ऐक. तुझ्या बापाने त्याचा जीव शेजाऱ्याला देऊन टाकला आहे, आणि आपण काय दिलं हे त्याला ठाऊक नाही. तू त्याच्यासमोर बसून लाल भात खाल्लास का? मीठ बरोबर होतं?

वारस म्हणून घर मिळतं, बोट मिळते. बापाचं मरण वारसाहक्काने मिळत नाही. तो शहाणा माणूस आहे. त्याला कळलं तर उद्या जाऊन दुसऱ्या गावचं इस्पितळ शोधील, फुकुओकाला जाईल, मी पैसे घालीन. आठवड्यात तू सांग. नाहीतर मी वहिनीच्या शपथेला न जुमानता येईन, आणि मग घरात कोण कुणाशी बोलेल ते बघू.

तुझी आत्या,
कुनिए


सागा, ९ नोव्हेंबर

ती. आत्यास किइचीचा सा. न.

तू म्हणतेस तसं केलं. बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. खाट मिळाली की जाऊ म्हणाले. पहिल्या कापणीची घाई आहे, तेव्हा तू दगदग करून येऊ नकोस, आणि त्यांच्यापाशी विषय काढू नकोस. त्यांना आवडत नाही. आईची प्रकृती ठीक आहे. पहिल्या कापणीची नोरी वेगळी पाठवतो. तुझे आशीर्वाद असू देत.

किइची


सागा, १० एप्रिल २००५

चि. कुनिएस,

एप्रिल म्हणजे सरकारी बदल्यांचा महिना. डॉ. इवानागा गेले, त्यांच्या जागी फुकुओकाहून एक पोरसवदा डॉक्टरीण आली. मला काय कळू द्यायचं नाही, हे तिला कुणी कळवलं नव्हतं. तिने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि बोट ठेवून दाखवलं. पाच गाठी आहेत, त्यांतली एक मोठ्या शिरेत शिरली आहे. एवढ्या पसरलेल्या कर्करोगाला सुई चालत नाही म्हणाली. नोव्हेंबरात का आला नाहीत, असंही तिने फार अदबीने विचारलं. मी म्हटलं, खाट रिकामी नव्हती.

घरी येऊन विचारलं तेव्हा मात्सुए जमिनीला कपाळ टेकून बसली. किइचीने तुला काय लिहिलं होतं तेही कळलं. मला त्याने एवढंच सांगितलं होतं की चरबी जरा हट्टी आहे. जानेवारीत दोनदा चला म्हणाला, मीच नाही म्हटलं. जाळ्या भरल्या होत्या. चरबीसाठी कोण हंगाम सोडतो?

तुला माहीत होतं, सोसायटीच्या कारकुनालाही माहीत होतं. ज्याचं यकृत तोच बाहेरचा. पोरी खोटं बोलल्या की तू त्यांना व्हरांड्यात गुडघ्यांवर उभं करायचीस ना? तुम्हा सगळ्यांना उभं करायला माझा व्हरांडा पुरायचा नाही.

एगाशिरा ठणठणीत आहे. काल धक्क्यावर जाळ्या धूत मोठमोठ्याने गात होता. मला त्याचा राग आला, मग रागाची लाज वाटली. माहीत असतं तर मी ती खाट दिली असती का? रोज विचार करतो. बहुधा नसती दिली. बहुधा मी हलकट निघालो असतो. पण तो माझा हलकटपणा असता, कुनिए. आता मी देवमाणूस झालो आहे, तोही फुकटचा.

एक काम कर. एगाशिराला ह्यातलं काही कळू देऊ नकोस. त्याला सांगितलं आहे की मला आता डागाची गरज नाही. उगाच त्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

दादा


नागासाकी, १८ एप्रिल

ती. दादास कुनिएचा साष्टांग नमस्कार.

शिव्या पोचल्या. जपून ठेवल्या आहेत. वहिनीची शपथ मोडायला हवी होती. पण किइचीच्या चार ओळींवर मला विश्वास ठेवायचा होता, म्हणून मी ठेवला. तुझ्या व्हरांड्यात माझी जागा पहिली धर. शनिवारी येते आहे, राहायलाच. वहिनीला म्हणावं, माझ्यासाठी वेगळं काही रांधू नको. किइचीशी मी बोलेन की नाही ते अजून ठरलेलं नाही.

परवा रात्री एगाशिराचा फोन आला. नंबर सोसायटीतून मिळवला म्हणे. तू डाग घ्यायला तयार नाहीस म्हणून बिचारा कासावीस होता. सुईचं काहीच वाटत नाही, तिसऱ्या दिवशी माणूस घरी येतो, बाई, तुम्ही शिकलेल्या, तुमचं ते ऐकतात, जरा कान धरा त्यांचा, असं पुन्हापुन्हा सांगत होता. तू खाट दिलीस म्हणून तो आज जिवंत आहे, हे त्याने मला दोनदा ऐकवलं. आता तुझी पाळी आली तर तो रात्रभर उशाशी बसायला तयार आहे.

मी त्याला म्हटलं, दादा लहानपणापासूनच हट्टी आहे, सुईला भितो, कुणाचं ऐकायचा नाही. तो पोट धरून हसला. म्हणाला, एवढा मोठा माणूस आणि सुईला भितो!

मीही हसले.

तुझी,
कुनिए