रोझाच्या मनोऱ्याखाली

९ ऑगस्ट

एल्विओ खोटं बोलतोय. सकाळी कॉफीचा कप त्याच्या डाव्या हातातून सुटला. म्हणे कप ओला होता. ओला कुठला! मी स्वतः पुसून ठेवला होता. उभा जन्म दगड फोडण्यात गेला, त्या माझ्या नवऱ्याच्या हातातून कप सुटतो होय? नंतर शर्टाची बटणं लावायला त्याला इतका वेळ लागला, की मी पाठ फिरवून भांडी घासत राहिले. नाहीतर तोंडातून काहीतरी निघून गेलं असतं.

दुपारी इलारिया बाळाला घेऊन आली. आमची ऐदा आता बोट मुठीत धरते आणि सोडत नाही. मार्चमध्ये हीच पोर सातव्या महिन्यात जन्मून काचेच्या पेटीत पडली होती. आज लेकीनं तिला माझ्या मांडीवर टाकलं आणि खुशाल झोपायला निघून गेली. देवा, आणखी काय मागू?

११ ऑगस्ट

दोनदा विचारलं. दोनदा ‘काही नाही’. बरं.

१२ ऑगस्ट

बोलला एकदाचा. जेवण पुढ्यात ठेवलंच नाही, तेव्हा बोलला.

जुलैच्या शेवटी कामावर एक शिळा घसरली. ती अडवायला गेला आणि मानेत काहीतरी तटकन झालं. तेव्हापासून डाव्या हाताला मुंग्या. गुपचूप डॉक्टरकडेही जाऊन आला, मला न सांगता! डॉक्टरनं साफ सांगितलंय की मणक्यात शीर दबलीय, ओझं उचलायचं नाही. मानेवर भार आला तर हात जाईल, कदाचित हातावरच भागणारही नाही.

आणि तीन सप्टेंबरला, आमच्या संत रोझाच्या सणाला, हा गृहस्थ बाकीच्या भोयांबरोबर तिचा मनोरा गावातून वाहून न्यायला त्याच्याखाली उभा राहणार. खांद्यावर घेणाऱ्यांतही नाही, अगदी पोटात, मानेवर तुळई घेणाऱ्यांत.

म्हटलं, भोयांच्या मुकादमाला सांग आणि नाव काढून घे. दीडशे किलोची पेटी पाठीवर घेऊन चालायची ती परीक्षा तू जूनमध्ये दिलीस, पास झालास, तुझी लाज गेली नाही. दुखणं नंतरचं आहे. तो म्हणाला, “आणि नवसाचं काय?”

मार्चमध्ये हॉस्पिटलच्या त्या काचेपाशी तो नवस बोलला होता, ‘पोर जगू दे रोझा, यंदा तुला तिच्या नावानं उचलीन.’ मी शेजारी उभी राहून आमेन म्हणाले होते. रोझानं तिचं काम चोख केलं. आता आमची पाळी.

१५ ऑगस्ट

वरच्या खोलीत हॉलंडचं एक जोडपं उतरलंय. चांगली माणसं आहेत, पण प्रश्न फार! जिन्यातला मनोऱ्याचा फोटो बघून त्या बाईनं विचारलं, एवढा दहा मजली डोलारा गल्लीतून जातो, तर आत इंजिन असतं का? म्हटलं, असतं की. शंभर इंजिनं असतात, सगळी दोन पायांची, आणि त्यातलं एक माझ्या स्वयंपाकघरात बसून कलिंगड खातंय. दोघं एल्विओकडे अशी बघायला लागली की तो बी गिळून बसला.

मग त्यांना पोपच्या वाड्याची गोष्ट सांगितली. ती सांगायला मला फार आवडतं. साडेसातशे वर्षांपूर्वी नवा पोप निवडायला सगळे कार्डिनल आमच्या व्हितेर्बोत जमले आणि वर्षं उलटली तरी त्यांचं एकमत होईना. गावानं दारं बंद केली. तरी होईना. मग जेवण तोडलं, नुसता पाव आणि पाणी. शेवटी वरचं छप्परच काढून टाकलं! तेव्हा कुठे पोप झाला.

आमचं गाव असं आहे, अडून बसलेल्याला कसं हलवायचं ते बरोबर ठाऊक असलेलं. मीही एल्विओचं जेवण तोडून बघितलं, त्यानं खरं तेवढं सांगितलं, पण हलला नाही. आता छप्पर काढायचं बाकी आहे, आणि त्या छपराखालीच पाहुणे राहतात.

१८ ऑगस्ट

संध्याकाळी गावाबाहेर बुलिकामेच्या गरम झऱ्यावर गेलो. गंधकाचा वास नाकात बसतो, पण पाण्यानं मानेला आराम पडतो. एल्विओ गळ्यापर्यंत पाण्यात डोळे मिटून बसला होता. सांतेही आला होता. मनोऱ्याखाली सांते एल्विओच्या पुढे असतो आणि रेमो मागे. वर्षानुवर्षं तिघं एकाच तुळईखाली, त्याच क्रमानं.

मी सांतेला गाड्या लावतात तिकडे बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. मान, बोटं, डॉक्टर, सगळं. म्हटलं, मुकादमाला तू सांग. मी सांगितलं तर एल्विओ जन्मभर माझ्याशी बोलायचा नाही, तुझ्यावर चार दिवस चिडेल आणि विसरेल.

तो टॉवेल पिळत राहिला. मग म्हणाला, “सांगितलंस ते बरं केलंस.” एवढंच. आणि गेला.

बरं केलंस म्हणे! मी काय हवापाण्याच्या गप्पा मारत होते? हे पुरुष सगळे एका माळेचे मणी. एकमेकांची चहाडी करायची नाही हा यांचा धर्म, मग माणूस लुळा पडला तरी चालेल. रडू आलं. गंधकाच्या नावावर खपवलं.

२३ ऑगस्ट

सांतेनं बाजारात हात केला. मी टोमॅटो बघत राहिले. त्यानं मुकादमाला काही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर एव्हाना गावभर झालं असतं.

२७ ऑगस्ट

आज मीच मुकादमाकडे निघाले होते. ठरवूनच. चौकात पोचले तर तिथे मनोरा उभा करायचं काम चाललेलं, उंच पडद्याआड. दोन म्हातारे बाकावर बसून सदुसष्ट सालचं बोलत होते. त्या वर्षी मनोरा भोयांना पेलेना, अर्ध्या रस्त्यात टेकला आणि पुढे गेलाच नाही. एवढी वर्षं झाली, पण ते बोलताना त्यांचा आवाज अजून खाली येतो, घरातल्याच कुणाची अब्रू गेल्यासारखा.

एल्विओची मान मध्येच गेली तर? त्याच्यामुळे टेकला तर? त्या विचारानं मी झपाझप मुकादमाच्या दारापर्यंत गेले. आणि मग आठवलं, काल ऐदाला उजव्या हातावर घेऊन तो तिला सांगत होता की आजोबा तुझ्यासाठी काय उचलणार आहेत बघ. पोरीला काय कळतंय! पण त्याचा चेहरा मला दिसला होता.

परत फिरले. हे प्रेम की भित्रेपणा, मला सांगता यायचं नाही. येताना फळं घेऊन आले आणि फळं आणायलाच गेले होते असं सांगितलं.

१ सप्टेंबर

पांढरे कपडे इस्त्री केले. लाल पट्टा धुतला. त्याचं चामड्याचं टोपरंही तेल लावून ठेवलं. डोक्यावरून मानेपर्यंत येतं ते, मानेपाशी गादी असते आणि तुळई त्या गादीवर बसते. दरवर्षी दुसऱ्या दिवशी त्याची मान गादीखाली सोलवटलेली असते, आठवडाभर मी मलम चोळते. यंदा ती गादी दाबून बघितली, पुन्हा पुन्हा दाबून बघितली.

२ सप्टेंबर

रोझाच्या जपून ठेवलेल्या हृदयाची मिरवणूक झाली. वेशीपाशी इलारियाबरोबर उभी होते, ऐदा माझ्या खांद्यावर.

रोझाला छातीचं मधलं हाडच नव्हतं, तपासणाऱ्यांनी ते शोधून काढलंय. असं मूल वाचतच नाही म्हणतात. ही अठरा वर्षं जगली, रस्त्यारस्त्यात उभी राहून देवाबद्दल बोलली, गावानं हाकललं तरी बोलत राहिली. ते इवलं हृदय समोरून गेलं, तेव्हा मी ऐदाच्या पाठीवर हात ठेवला. आत टकटक, टकटक. मागायला काही सुचलंच नाही. थँक्यू म्हटलं, शेजारणीला म्हणावं तसं. मग घाईघाईनं म्हटलं, त्याला सांभाळ. ती लबाडीच झाली, पण ती बाईमाणूस आहे, समजून घेईल.

३ सप्टेंबर, दुपार

लाल पट्टा मीच आवळला. तो म्हणाला, अजून घट्ट. मी म्हटलं, कंबर घट्ट करून मान धरते का? तो हसला. मी नाही.

आता सगळे मिळून सात चर्चमध्ये जातील. मग बिशप त्यांना आशीर्वाद देईल, मरणाऱ्याला देतात तो. दरवर्षी मी याची चेष्टा करते, की अगोदरच उरकून घेतात, नंतर घाई नको. आज मीही मनातल्या मनात आमेन म्हटलं.

जाताना माझं तोंड दोन्ही हातांत धरलं त्यानं. डाव्या हाताची बोटं गार होती. म्हणाला, “रागावून राहू नकोस. मला हे केल्याशिवाय तिच्याकडे बघता येणार नाही.”

तिच्याकडे म्हणजे ऐदाकडे. मी म्हटलं, जा.

४ सप्टेंबर

पोचला! मनोरा पोचला, एल्विओ पोचला, सगळे पोचले!

इलारियाच्या खिडकीतून बघितलं. दरवर्षीसारखे रस्त्यावरचे दिवे मालवले. गल्ली इतकी काळी की स्वतःचा हात दिसेना. मग छपरांच्या वर मनोऱ्यावरच्या दिव्यांचा तो उजेड आला आणि हलत हलत आमच्यापर्यंत. सगळे ओरडत होते, मी खाली बघत होते, तुळईखालच्या त्या पांढऱ्या पायांकडे. त्यातले त्याचे कुठले ते काही कळेना. शेवटचा चढ ते धावत चढतात, तिथे मी डोळेच मिटले. घंटा वाजल्या तेव्हा उघडले.

घरी आला, खुर्चीत बसला आणि लहान मुलासारखा रडला. म्हणाला, “हलका होता, लोरेदाना. इतक्या वर्षांत असा कधी लागला नाही. मानेला नुसता टेकल्यासारखा.”

पट्टा सोडला, शर्ट काढला. मान बघितली. सोलवटलेली नाही, साधी लालसुद्धा नाही. बोटं कालच्यासारखीच, जास्त बिघडलेली नाहीत. मी तिथेच फरशीवर गुडघे टेकले. सकाळी जाऊन रोझाला ढीगभर फुलं वाहिली. आता तो डॉक्टर म्हणेल ते सगळं करणार आहे, स्वतःहून बोलला.

हॉलंडची बाई फोन करून विचारत होती, सगळं नीट झालं ना? तिच्याशीही रडले.

६ सप्टेंबर

औषधांच्या दुकानात रेमोची बायको भेटली. दोन माणसांचं मलम घेत होती. म्हणाली, रेमोची आणि सांतेची मान अशी सोलून निघालीय की दोघांना वर बघता येत नाही. आणि यांनीच बारा दिवसांमागे टोपऱ्यांच्या गादीत दोन बोटं जाड चामडं जास्त शिवून घेतलं, का ते विचारलं तर सांगत नाहीत.

पुढचा आणि मागचा. दोन बोटं उंच. म्हणजे मधल्याच्या मानेला तुळई नुसती टेकलेली.

तशीच सांतेच्या घरी गेले. खाली मान घालून अंगणात बसला होता, कॉलरच्या वर कच्चं मांस. विचारलं, का केलंत असं?

त्याला मान वर करता येईना. माझ्या चपलांकडे बघत म्हणाला, “तू सांगितलंस ना.”