पिंजऱ्यातला आरसा

प्रिय मावशी,

परवा फोनवर तू म्हणालीस, ती मला ओळखतच नाही, तर येऊन करू काय? मी काहीतरी बोलून विषय बदलला, कारण आई शेजारीच बसली होती. त्याचं उत्तर आता लिहिते. थोडं लांबेल. मध्ये एक प्राणी आहे आणि एक दुकानदार आहे, त्यांना टाळून पुढचं सांगता येत नाही.

तू शेवटची आलीस ती दुपार माझ्या डोक्यातून जात नाही. आईनं तुला पाणी दिलं, पंखा वाढवला, प्रवासात बसायला जागा मिळाली का विचारलं, सगळं रीतसर. मग घड्याळाकडे बघून म्हणाली, बाई, आता तुम्ही निघा हं, माझी धाकटी बहीण यायची आहे, परकं माणूस असलं की तिला मोकळं बोलता येत नाही. तू हसलीस. हो, निघतेच, म्हणालीस. चपलेचा एक पट्टा लागत नव्हता, तर तशीच जिना उतरलीस. त्यानंतर तू आली नाहीस आणि मीही कोणत्या तोंडानं बोलावणार होते? पण तू गेल्यावर काय झालं ते तुला मी कधी सांगितलं नाही. आई खिडकीशी जाऊन बसली ती दिवे लागेपर्यंत उठली नाही. तुझी वाट बघत होती.

मला कामावर जावंच लागतं. दातांची लॅब काही घरी आणता येत नाही. दिवसभर मी कुणाच्या तरी तोंडाच्या साच्यावर मेणाचे दात बसवते आणि इथे आई भिंतींकडे बघत बसते. समोरच्या वहिनी दुपारी डोकावतात, पण त्यांच्याशी ती बोलेनाशी झाली होती. एकदा मी घरी आले तर म्हणाली, आज मी माझा आवाज काढून बघितला, येतो का ते. मी विचारलं, मग? तर म्हणाली, आला, पण कुणाला हवा होता? तिच्या डॉक्टरांना हे सांगितलं. ते म्हणाले, घरात काहीतरी जिवंत ठेवा, हालतं डुलतं. कुत्र्याला फिरवणार कोण? म्हणून मी बाजाराच्या मागच्या रस्त्यावरच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेले.

वरच्या पिंजऱ्यांत पक्षी कलकलाट करत होते. खालच्या रांगेत काचेच्या पेट्या होत्या, त्यांत गिनीपिग. त्या रांगेतून कसलाच आवाज येत नव्हता. मला वाटलं, काय शहाणी जनावरं आहेत. दुकानदार बोलका माणूस, चष्मा गळ्यात आणि डोळे गिऱ्हाइकावर. म्हणाला, ताई, कुत्रा म्हणजे लेकरू, मांजर म्हणजे सासू, आणि हा म्हणजे भाडेकरू. खातो आणि गप्प राहतो. त्यानं एक तपकिरी, अर्धं तोंड पांढरं असलेला गिनीपिग मानेमागून उचलला, उलटा करून क्षणभर बघितला आणि नर आहे म्हणून सांगितलं. खायला सशाचं खाद्य आणि पक्ष्यांचे दाणे एकत्र करून दिले. गवत लागतं का, असं मी विचारलं, कारण कुठेतरी वाचलं होतं. तर म्हणाला, ताई, म्हैस नेताय का? एकटं राहील का, विचारलं. त्यावर तो अगदी मायेनं म्हणाला, दोन ठेवले की भांडतात. त्यापेक्षा आरसा लावा. त्याला वाटतं, आहे कोणीतरी सोबतीला. आरसा माझ्याकडून, पैसे नकोत. तो फसवत नव्हता, मावशी. त्याला खरंच तसं वाटत होतं.

आरसा तळहाताएवढा, निळ्या प्लास्टिकच्या चौकटीचा, पिंजऱ्याच्या गजांना अडकवायचा. आईनं त्या प्राण्याला बघताच पाहुणी म्हटलं. नर आहे गं, मी म्हटलं. पाहुणीच, ती म्हणाली आणि खुर्ची पिंजऱ्यासमोर ओढली. पाहुणी आरशाला नाक लावून बसायची. पहिल्या दिवसापासून तेच. मी सकाळी निघताना तशी, परत येताना तशी. मला दुकानदाराचं पटलं. आईला म्हटलं, बघ, तिला वाटतंय दोघी आहेत. आई म्हणाली, दोघी आहेतच. मी समजावायला गेले तर माझ्याकडे तिच्या जुन्या नजरेनं बघितलं, लहानपणी मी गणित चुकले की बघायची तसं. म्हणाली, आरसा मला कळतो. आरशात कोण आहे ते विचार.

आठवडाभरानं मी जिना चढून आले तर आत बोलणं चालू होतं. मला वाटलं वहिनी आल्यात. दाराशी थांबले. आवाज एकट्या आईचाच होता, पण मध्ये मध्ये ती थांबत होती. उत्तर ऐकून घ्यायला लागतो तेवढा वेळ. लहान प्रश्नाला लहान थांबणं, मोठ्याला मोठं. एकदा तर म्हणाली, अगं थांब, आधी माझं ऐकून घे, समोरची मध्येच बोलली तर म्हणावं तसं. मी हळूच दार उघडलं. आई पिंजऱ्याशी वाकली होती. तेवढ्याशा आरशात तिचा एक डोळा आणि गालाचा तुकडा दिसत होता. ती म्हणत होती, धाकटे, ती बाई आली होती ना परवा, बिचारी बरी होती, हसायची तुझ्यासारखी. मी तिला घालवून दिलं. तुला राग नाही ना आला? मग थांबली. मग म्हणाली, तसं असेल तर ठीक आहे.

तू म्हणतेस ती मला ओळखत नाही. मावशी, ती तुला रोज भेटत होती.

खोटं कशाला सांगू, मला बरंच वाटलं. आई नीट जेवायला लागली. सकाळी स्वतःहून वेणी घालून मागायला लागली, धाकटी येईल म्हणून. मी डबा भरत असताना ती तुमच्या शाळेतलं बोलायची, कुणीतरी शाईची दौत कुणाच्या तरी दप्तरात उपडी केली होती आणि तू नाव सांगितलं नव्हतंस, ते. हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. मी ऐकत राहायचे. तेवढ्याशा आरशानं घर चालत होतं, तर मी का ढवळाढवळ करू?

मग आईनं एक नवीनच काढलं. धाकटी जेवत नाही, म्हणाली. जेवले म्हणते, पण नुसती ताटात चिवडते, तोंड हलवते, म्हणजे आपल्याला वाटावं जेवली. मी म्हटलं, अगं, तू पाहुणीला बघतेस. आणि पिंजऱ्याकडे बघितलं तर खरंच तसंच. पाहुणी दाणा उचलत होती, जबडा हलवत होती आणि दाणा तसाच खाली पडत होता. खाली पडलेल्यांचा ढीग झाला होता. मी तिला हातात घेतलं. वरून गुबगुबीत, पण केसांखाली पाठीचा कणा एकेक मणी मोजावा असा.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई फटकळ आहेत. त्यांनी पाहुणीच्या तोंडात बॅटरी मारून मला बघायला लावलं. दाढा दोन्ही बाजूंनी आत वाढून जिभेवर कमानीसारख्या झुकल्या होत्या. तुम्ही काय काम करता, विचारलं. दात बनवते, म्हटलं. त्यांनी बॅटरी बंद केली. मग बोलायला लागल्या ते थांबेचनात. ह्यांचे दात जन्मभर वाढतात, रात्रंदिवस गवत चावलं तरच झिजतात. रोज ताजी भाजी लागते, नाहीतर सांधे धरतात, हिरड्यांतून रक्त येतं. हा नर नाही, मादी आहे. आणि आरसा कोणी सांगितला? त्याला ना वास, ना आवाज. हे कळपातलं जनावर. शीळ घालतं, कोणीतरी उलट शीळ घालावी म्हणून. जे गप्प असतं ते शांत नसतं, त्यानं हाक मारणं सोडलेलं असतं. मला दुकानातली ती खालची रांग आठवली. निघताना त्या म्हणाल्या, आणखी एक लक्षात ठेवा. दुबळं दिसलं की आपण संपलो, एवढं ह्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून आजार लपवतात. शेवटपर्यंत खाल्ल्याचं नाटक करतात. तोंडाकडे बघून कळत नाही. वजन करायचं.

पाहुणीच्या दाढा घासून झाल्या. त्यांच्याच दवाखान्यात कोणीतरी सोडून गेलेली एक म्हातारी मादी होती, ती मी घेऊन आले. आरसा काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गवताची पिशवी उघडली आणि घरात अशी शीळ वाजली की माझ्या हातातून पिशवी पडली. एवढे दिवस हा आवाज त्या अंगात होता.

दुकानदाराला सांगावं म्हणून मी एकदा मुद्दाम गेले. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, ताई, इतकी वर्षं आरसे देतोय, कोणी तक्रार घेऊन आलं नाही. मग विचारलं, मादी निघाली का? बदलून देऊ? मी खाली बघितलं. प्रत्येक पेटीत एकेक प्राणी आणि प्रत्येकात काचेला टेकवलेला एकेक निळ्या चौकटीचा आरसा. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे होत्या आणि आरशांतून सगळ्यांची तोंडं माझ्याकडे बघत होती. एकही हलत नव्हतं. मी बाहेर आले.

मला भीती आईची होती. आरसा गेला म्हणून ती रडेल, शोधेल, पुन्हा गप्प होईल. तसं काहीच झालं नाही. ती त्याच खुर्चीत बसते. दोन्ही गिनीपिग शीळ घालत इकडून तिकडे धावतात, त्यांच्याकडे बघून हसते. मी न राहवून विचारलं, आणि धाकटी? तर हनुवटीनं गजांवरची रिकामी जागा दाखवली, जिथे आरसा अडकवलेला असायचा. आहे ना, म्हणाली. पडून असते हल्ली, बसवत नाही तिला. हे तिनं कुजबुजत सांगितलं, कोणी झोपलं असताना बोलतात तसं. अजूनही ती तिच्याशी बोलते. फक्त मधलं थांबणं आता लांबलंय. प्रश्न विचारते आणि वाट बघत राहते. उत्तर यायला फार वेळ लागतो.

मी विचार केला, आरशात आईला स्वतःचंच तोंड दिसत होतं. आरशातली जेवत नाही, तिला बसवत नाही, म्हणजे आईलाच काहीतरी होतंय आणि तिला ते दुसऱ्या कुणाचं तरी वाटतंय. म्हणून तिला तपासून आणलं. रक्त, छाती, पोट, सगळं. काही निघालं नाही. वजन उलट वाढलंय. डॉक्टर हसले, म्हणाले, आई तुमच्यापेक्षा ठणठणीत आहेत. परत येताना रिक्षात आई म्हणाली, मला कशाला नेलंस, मी कुठे आजारी आहे?

आणि काल सकाळी मी तिची वेणी घालत होते. तेवढीच जाड आहे अजून, तुला माहीत आहे. ती म्हणाली, हळू विंचर, धाकटीला बघवत नाही. तिचे केस गेले ना सगळे. रुमाल बांधते, पिवळा. मला म्हणालीय, तुझ्या लेकीला सांगू नको, ती उगाच धावत येईल. माझा हात केसांतच थांबला. मावशी, हल्ली तू फोनवर तोंड दाखवत नाहीस. कॅमेरा बिघडलाय म्हणतेस. विचारलं की तुझं एकच उत्तर असतं, माझं काय, मजेत, आत्ताच जेवले. हे फोनवर विचारलं असतं तर तू पुन्हा तेच म्हणाली असतीस, म्हणून लिहिते आहे, आणि विचारत नाही. शनिवारी आम्ही दोघी तुझ्याकडे येतोय. मी सुट्टी टाकली आहे, पिंजऱ्याकडे वहिनी बघतील. आईला सांगितलं तेव्हा तिनं तुझं नाव घेतलं, माहेरच्या आडनावासकट, आणि पिशवी भरायला लागली. दारात ती कदाचित तुला पुन्हा बाईच म्हणेल. तू मनाला लावून घेऊ नकोस, पाणी दे, आणि डोक्याचा रुमाल काढून समोर बस. ती तुला आता तशीच ओळखते.

तुझीच,
थोरलीची लेक