एकाच डालग्यातली अंडी

१२ फेब्रुवारी, गुरुवार

अंगणवाडीच्या मीटिंगमध्ये मॅडम म्हणाल्या, पुढचा महिना मुलांना प्राणी आणि साधं विज्ञान शिकवा. नुसती चित्रं नकोत, काहीतरी जिवंत दाखवा. किन्हवलीहून परत येताना जीपमध्ये तोच विचार करत होते. मासा? टिकणार नाही. मांजर तर रोज खिचडीला येतंच!

लहानी म्हणाली, "ताई, तुमच्या सासूची तांबडी खुडूक झालीय. अंगणवाडीतच बसवा ना अंड्यांवर. पोरं बघतील." लहानी आमची मदतनीस. पाड्यातल्या सगळ्या कोंबड्यांची तिला खबर असते.

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही.

१३ फेब्रुवारी

आईंना तांबडीचं विचारलं. पाठमोऱ्या बसून भांडी घासत होत्या. "ने," म्हणाल्या. एवढंच. नोव्हेंबरपासून आमच्यात एवढंच बोलणं — ने, ठेव, जेव. सकाळी मी उठायच्या आत भरलेली कळशी घेऊन निघतात. मी अंगणवाडीला गेले की परततात. शेतातले वाल तर काढून झाले. मग कुठं जातात? विचारलं नाही. सकाळी सकाळी माझं तोंड बघायचं नसेल.

नवऱ्याला म्हटलं तर पंकज म्हणतो, "काहीपण मनात आणतेस." तो पहिल्या बसने आसनगावला कामावर जातो. त्याला काय दिसतं!

१६ फेब्रुवारी, सोमवार

कोंबडी बसवली. मागच्या सामानाच्या खोलीत, डालग्यात भाताचा पेंढा घालून. नऊ अंडी. आईंनी पेंढ्यात लोखंडाचा खिळा खोचला — ढग गडगडले तर अंडी बाद होऊ नयेत म्हणून. फेब्रुवारीत कुठले ढग!

अंडी मुलांनीच ठेवली. दुर्वाने दोन्ही हातांनी, श्वास रोखून. भावेशने आधी अंडं कानाला लावलं आणि "हॅलो" म्हणाला.

मी हात लावला नाही. माझ्या हाताला यश नाही असं मला कोणी तोंडावर म्हटलेलं नाही. मीच म्हणते.

१८ फेब्रुवारी

आज तरंगणं आणि बुडणं. बादलीत दगड, पान, बाटलीचं झाकण, कैरी, चमचा. काय होईल ते आधी सांगायचं, मग टाकायचं. भावेश प्रत्येक वेळी "बुडणार!" म्हणून ओरडतो. झाकण बुडेना, तेव्हा त्याने हाताने खाली दाबून धरलं. "बघा, बुडला!"

"हात काढ की," दुर्वा म्हणाली.

"नाय काढणार!"

मला हसू आलं. मोठ्याने हसले. लहानी खिचडी ढवळायची थांबून बघायला लागली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

खिडकीला चादर लावून खोलीत अंधार केला. मोबाइलची बॅटरी लावली, त्यावर पुठ्ठ्याची नळी. आधी दगडावर धरली — उजेड पलीकडे जात नाही. मग तळहाताखाली — बोटं लाल दिसतात. भावेश ओरडला, "ताई, माझ्यात पण पिल्लू हाय!"

मग अंडी. आता मात्र मलाच हातात घ्यायला लागली. कोंबडीच्या पोटाखालून काढलेलं अंडं किती गरम असतं! पहिलं धरलं. आत लाल शिरा, बारीक मुळांसारख्या, आणि मध्ये एक काळा ठिपका. ठिपका हलला.

एवढी वीस पोरं, पण सगळी गप्प.

सोनोग्राफीची खोली अशीच अंधारी होती. तिथे पण सगळे गप्प झाले होते. अंडं धरलेला माझा हात खाली यायला लागला. दुर्वाने खालून माझ्या मनगटाला हात लावून धरलं. तिला वाटलं, अंडं पडेल.

एक अंडं नुसतंच पिवळं. आत काहीच नव्हतं. ते बाजूला काढलं. बाकीची आठ पुन्हा तांबडीखाली.

२६ फेब्रुवारी

भावेशची आई रुपाली वजनाला आली. सातवा लागला. वजन बरं वाढलंय. जाताना दारात थांबली. "ताई, मंगळवारी गरण हाय ना? सासू बोलते, इळ्याला हात लावायचा नाय, बाहेर निघायचं नाय, पाणी पण प्यायचं नाय. तुमी सांगा. तुमी सांगाल तसं करते."

मागच्या सप्टेंबरात ग्रहण होतं तेव्हा मी पाड्यातल्या सगळ्या गरोदर बायांना बसवून सांगितलं होतं — ग्रहण म्हणजे नुसती सावली. पोटातल्या बाळाला काही होत नाही. मला स्वतःला पाचवा होता. सांगितलं तशीच वागले. रात्री पंकजबरोबर अंगणात उभी राहून पूर्ण ग्रहण बघितलं. चंद्र तांब्याच्या भांड्यासारखा झाला होता.

नोव्हेंबरात बाळ हलायचं थांबलं. मुलगा होता. डॉक्टर म्हणाल्या, नाळेला गाठ बसली, यात कुणाचा दोष नाही. आई तेव्हा काहीच बोलल्या नाहीत. अजून बोलत नाहीत. मी बारावी सायन्स आहे. मला सगळं कळतं. तरी —

रुपालीला म्हणाले, "घरातले सांगतात तसं कर."

घरी येईपर्यंत तोंड कडू झालं होतं.

३ मार्च, मंगळवार

धुळवड. अंगणवाडीला सुट्टी. दुपारनंतर ग्रहण लागलं म्हणे. दिवसाच! चंद्रच उगवलेला नाही तर दिसणार काय? तरी निम्म्या घरांची दारं बंद, रंग सकाळीच आटपलेले.

चारच्या सुमाराला कोंबडीला दाणे टाकायला गेले, तर आई आधीच तिथे. तांबडीला उचलून बाहेर काढलं होतं. ती कण्या टिपत होती. अंडी उघडीच. म्हटलं, "आई, ग्रहण लागलंय ना?"

"मग? तिला भूक लागत नाय काय?"

तांबडी पाणी प्यायली, धुळीत लोळली, अंग झाडलं आणि आपली आपण आत जाऊन बसली. आई दार ओढून निघून गेल्या. खिळा खोचणारी बाई! मला काही कळेना.

संध्याकाळी चंद्र डोंगराआडून वर आला तेव्हा ग्रहण संपल्यात जमा होतं. चांगला गोल, पिवळा चंद्र.

४ मार्च

रुपालीला काल चक्कर आली. सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही, पत्र्याचं घर, दार-खिडक्या बंद. न्हाणीत पडता पडता वाचली. मला आज सकाळी लहानीने सांगितलं. धावत गेले. बसलेली होती. नर्सताई येऊन ठोके बघून गेली होती. सगळं नीट आहे.

"हलतंय ना?" मी तिला तीनदा विचारलं.

"हलतंय गो ताई, लाथा मारतंय. तुमी बसा आधी. तुमीच पडाल."

तिचा हात धरून बसले. तिनेच मला पाणी दिलं.

ग्रहणाने काही केलं नाही. मी गप्प बसले, त्याने झालं असतं.

७ मार्च

शनिवार. घमेल्यात कोमट पाणी घेऊन अंडी एकेक करून सोडली. आतलं पिल्लू हललं की अंडं पाण्यावर डुलतं. ही आयडिया आईंची, लहानीने येऊन सांगितली. मला का नाही सांगितली?

अंडी डुलली! आपली आपण, पाण्याला कोणी हात लावलेला नसताना. मुलं गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत होती. भावेश कुजबुजला, "पोहतायत."

एक डुललं नाही. बराच वेळ बघितलं. "झोपलाय," भावेश म्हणाला. मी तेही कोंबडीखाली ठेवलं.

९ मार्च, सोमवार

फुटली! दार उघडलं तेव्हाच आवाज येत होता. एक एक करून सात. शेवटचं आमच्यासमोर निघालं — टरफलाला टोच मारायचं, थांबायचं, दमायचं, पुन्हा मारायचं. दुर्वा म्हणाली, "ताई, फोडून द्या ना त्याला." म्हटलं, नको, त्याचं त्याला करू दे. ओलं, केविलवाणं काहीतरी बाहेर पडलं, आणि दुपारपर्यंत कापसाचा गोळा!

आज खिचडी करपली. कोणाला पत्ताही नाही.

१० मार्च

आठवं अंडं तसंच राहिलं. तांबडी पिल्लं घेऊन अंगणात उतरली, त्याच्याकडे वळूनही बघितलं नाही. मुलांना काय सांगू म्हणून मी ते गुपचूप उचलायला गेले, तर सगळी मागे उभी.

"आत काय हाय?"

"पिल्लू आहे. ते मेलं."

"कोणी मारला?"

"कोणी नाही."

भावेश म्हणाला, "माझी आजी बोलते, गरणाचा झालाय."

मी काही बोलणार तोच दुर्वा त्याच्यावर उखडली. "आणि हे सात कुठं गेलेले तवा? मामाकडं? एकाच डालग्यात होते ना!"

भावेशने पिल्लांकडे बघितलं. मग अंड्याकडे. "हां," म्हणाला. त्याच्यापुरतं संपलं.

माझे डोळे भरून आले. एवढंसं बोलणं! आठही अंडी त्याच पेंढ्यात, त्याच कोंबडीखाली, त्याच ग्रहणात. मी हेच चार महिने स्वतःला सांगत होते, पण ऐकायला यायचं नाही. आज आलं.

मुलांनी जास्वंदीखाली खड्डा केला. अंडं ठेवून माती लोटली, वर दगड ठेवला — उद्या सापडावं म्हणून. त्यांना जागा लक्षात ठेवायची होती. माझ्या मुलाची जागा मला माहीत नाही. मी दवाखान्यात होते. पंकज आणि आईंनी नेऊन ठेवलं. कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

११ मार्च

आज ग्रहणाचा धडा घेतला. बॅटरी म्हणजे सूर्य, चेंडू म्हणजे पृथ्वी, लिंबू म्हणजे चंद्र. लिंबू चेंडूच्या सावलीत गेलं, काळं झालं, बाहेर आलं, पुन्हा पिवळं. भावेशने ते हातात घेऊन फिरवून फिरवून बघितलं — कुठे काही झालंय का. मग वास घेतला. "चांगला हाय," म्हणाला.

रुपालीला मुद्दाम बोलावून दाराशी बसवलं होतं. सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "ग्रहणाच्या आधी मी तुला नीट सांगितलं नाही. पुढच्या वेळी ग्रहण असलं तरी जेवायचं, पाणी प्यायचं, वाटलं तर बाहेर येऊन बघायचं. मी बघितलं होतं. माझं बाळ त्याने गेलं नाही. नाळेला गाठ बसली होती."

माझं बाळ. पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाले.

रुपाली म्हणाली, "मंग ते लिंबू द्या इकडं, सरबत करते सगळ्यांना."

संध्याकाळी आई अंगणवाडीच्या ओट्यावर पिल्लांना कण्या टाकत होत्या. त्यांना जास्वंदीखालच्या दगडाचं सांगितलं. हात थांबला त्यांचा.

१२ मार्च

अंधार सरायच्या आत आईंनी मला हलवून उठवलं. "चल." कळशी भरलेली होती. वालाच्या शेताच्या पलीकडच्या बांधावर गेलो. तिथे आवळ्याचं रोप, भोवती काट्यांचं कुंपण, आळं नीट बांधलेलं. पाच-सहा नवी पानं फुटलेली. "हितं हाय तो," आई म्हणाल्या. "तू इचारशील म्हणून वाट बघत होते गो. तुला कसं दाखवू, मला कळंना."

मग कळशी माझ्या हातात दिली.