जाळी नसलेला दिवा

अव्वा,

तुला लिहायला बसले खरी, पण बूड टेकत नाही. मघाशी उठून दार उघडलं, परत लावलं. पंखा वाढवला, कमी केला. चहा केला तो ओट्यावरच निवून गेला. काल कुरुंदवाडला एका डोहाळजेवणाच्या शूटिंगला गेले होते, तिथून आल्यापासून हे असं चाललंय. तिथं एक गोष्ट कानावर पडली, ती सांगायची आहे. पण एकदम सांगितली तर माझ्याच नीट हाती लागणार नाही, म्हणून मागून सुरुवात करते. तुला सगळं माहीत आहे. तरी ऐक.

कागलच्या सासरहून मी कायमची परत आले त्याच उन्हाळ्यात तुझा भाऊ, म्हणजे मामा, दुबईहून व्हिडिओ कॅमेरा घेऊन आला. खांद्यावर ठेवायचा, आत आख्खी कॅसेट बसणारा. त्याला तो इथं विकायचा होता, गिऱ्हाईकही बघून ठेवलं होतं. तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "इकू नको. हिला दे." मामा हसला. "हिला येतोय व्हय चालवायला?" तू तव्यावरची भाकरी उलटलीस. "शिवनकाम तरी कुठं येत हुतं? शिकली की." माझ्याकडं तू बघितलंही नाहीस. परत आल्यापासून तू माझ्याकडं फारसं बघत नव्हतीस, आणि त्याचा मला राग यायचा. आज वाटतं, तू बघत असशील, माझं लक्ष नसताना.

कॅमेरा आला म्हणजे सगळं झालं असं मला वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात कळलं की नुसता कॅमेरा कुणाच्या कामाचा नाही. शेजारच्या घरी हळदीला मी तो घेऊन गेले, तर अर्ध्या तासात बॅटरी संपली, हात थरथरल्यानं चित्र डुलत होतं, आणि घरात अंधार असल्यानं नवरीचं तोंड काळं ठिक्कर आलं होतं. ती कॅसेट तू टीव्हीपुढं मांडी घालून शेवटपर्यंत बघितलीस आणि म्हणालीस, "आता ह्याला लागणारं सामान बघूया." जणू संसार मांडायचा होता. मला पुण्याच्या मासिकातल्या चित्रातलं सगळं हवं होतं. तुला जे घरात होईल ते घरातच करायचं होतं. कॅमेऱ्याची पिशवी तू रेक्झिनची शिवलीस, आतून जुन्या वाकळीचं अस्तर लावलंस. पुढं मी कितीतरी पिशव्या घेतल्या, तेवढी मऊ एकही नव्हती. स्टँड आप्पांनी शिरोलीला ते कामाला होते त्या कारखान्याशेजारच्या वेल्डरकडून पाइपचा करून आणला. तो हलायचा नाही हे खरं, पण वळायचाही नाही. कॅमेरा डावीकडून उजवीकडं न्यायचा म्हटलं की मधे एक हिसका बसायचा, आणि बघणाऱ्याला वाटायचं भूकंप झाला. उचलून बसमध्ये चढवायला दोघींचे चार हात लागायचे. जादा बॅटरी मात्र तू घासाघीस न करता चांगली घेतलीस. म्हणालीस, "मधीच बंद पडलं तर काय नवरीला थांब म्हणणार हाईस?"

मग दिवा. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या त्या अरुंद दुकानात आपण दोघी उभ्या आहोत. दुकानदारानं काउंटरवर दोन हॅलोजन ठेवलेत. एकाला पुढं काच आणि तारेची जाळी, मागं पंखा. दुसरा उघडा, नुसता पत्र्याचा डबा आणि आत नळीसारखा बल्ब. तो दोन्ही पेटवून दाखवतो. तू भिंतीवर पडलेला उजेड बघतेस, पातेल्याचा तळ बघावा तसा.

"उजेड दोन्हीचा सारखाच हाय की."

"सारखाच हाय मावशी. पण ह्याला जाळी हाय. बल्ब लई तापतोय, फुटला बिटला तर..."

"तुमचा बल्ब फुटतोय व्हय? मग इकताय कशाला?"

दुकानात उभे असलेले दोघे-तिघे हसले. दुकानदारही हसला. मी हळूच म्हटलं, "अव्वा, जाळीचा घेऊया." तू मान न वळवता मला कानडीत गप्प केलंस, "सुम्मनिरु." आणि उघडा दिवा कागदात बांधून घेतलास.

त्या दिव्यानं आपलं चाललं, हेही लिहायला पाहिजे. तो हातात धरायला माणूस लागणार होतं आणि ते तू झालीस. गावातले शूटिंगवाले सगळे पुरुष. बारसं, डोहाळजेवण, हळद असल्या बायकांच्या कार्यक्रमात माजघरात त्यांना घ्यायला बायका संकोचायच्या. आपण दोघी मात्र सरळ चुलीपर्यंत. तू पदर कमरेला खोचून दिवा उंच धरायचीस आणि वरून ओरडायचीस, "हसा की जरा! दात हाईत का न्हाईत?" बायका खरंच हसायच्या. लोक मला नाही, आपल्या जोडीला बोलवायचे. कागलमध्ये माझ्याबद्दल काय बोललं जातं ते विसरायला लावणारे ते दिवस होते. मी पुन्हा जेवायला लागले होते.

आणि मग कुरुंदवाडचं ते बारसं. जैन शेतकऱ्याचं मोठं घर, बायकांनी भरलेलं. भर दुपार, पंखे असून नसल्यासारखे. पाळणा मधोमध, पहिला नातू. दिवा बराच वेळ चालू होता. बाळाचं तोंड नीट दिसेना म्हणून मी तुला म्हटलं, जरा पुढं ये. तू पाळण्याच्या कडेला आलीस. एवढ्यात कुणीतरी हौसेनं गुलाबपाणी शिंपडलं. थेंब बल्बवर पडला असणार. आवाज फार मोठा नव्हता, फटाका भिंतीपलीकडं वाजावा तसा. मी कॅमेऱ्यातून बघत होते, म्हणून मला एवढंच दिसलं की सगळं पांढरं झालं आणि मग काळं. डोळा बाजूला काढला तेव्हा तू दिवा पोटाशी घेऊन पाळण्याकडं पाठ करून वाकली होतीस. फुटायच्या त्या क्षणाला तो तू बाळावरून फिरवून स्वतःकडं ओढला होतास. साडीला भोकं पडून त्यातून धूर निघत होता. डाव्या हाताला कोपरापर्यंत काचा. बाळ रडत होतं, पण त्याला ओरखडासुद्धा नव्हता. त्याच्या दुपट्याला तेवढं एक जळकं भोक.

बाळाच्या आजीनं त्याला उचलून छातीशी धरलं आणि आपल्याकडं बघून म्हणाली, "उठा. गुंडाळा तुमचं. ह्या घरात परत पाय ठेवू नका." तिचं काही चुकलं नाही. कुणीतरी आपल्याला डॉक्टरकडं नेलं. परतीच्या एस.टी.त तू खिडकीशी, हात बांधलेला, मांडीवर वाकळीच्या अस्तराची पिशवी. जयसिंगपूर मागं पडलं. मग म्हटलं, "जाळीचा घेऊया म्हणाले होते मी."

"म्हणालतीस की," तू म्हणालीस. बस. पुढं एक शब्द नाही. ‘चूक झाली’ नाही, ‘राहू दे’ नाही, ‘दुखतंय’ नाही. मला तुझ्याकडून काहीतरी हवं होतं आणि तू बाहेरचा ऊस बघत होतीस. आपला धंदा संपला हे आपल्याला दोघींना कळलं होतं. असली गोष्ट पंचक्रोशीत पसरायला दोन लग्नं पुरतात. माझ्या डोळ्यांपुढं कागलचं ते घर उभं राहिलं. आता परत तिथं धाडतील, असं मला त्या बसमध्ये खरंच वाटलं होतं. तुला हे कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू घरात नव्हतीस. आप्पांना विचारलं, तर म्हणाले, "गेलीया कुठंतरी. मला सांगून जातीया व्हय ती?" उन्हं कलल्यावर आलीस. चांगल्या हाताच्या काखेत एक खोकं. खोक्यात जाळीचा दिवा. खाली ठेवून म्हणालीस, "परवा कुरुंदवाडला जायचं हाय. पाळणा परत बांधणार हाईत. राहिलेलं शूटिंग करून द्यायचं."

"तयार कशा झाल्या त्या?"

"झाल्या."

ठरल्या दिवशी आपण गेलो. त्या घरातल्या बायका दिव्यापासून लांब भिंतीला टेकून उभ्या. तू बांधलेल्या हातानं दिवा धरलास, आणि त्या दिवशी तू कुणालाही हसा म्हणाली नाहीस. पण शूटिंग झालं. पुढच्या महिन्यात त्यांच्याच पाहुण्यात एक साखरपुडा मिळाला. मग मिळत गेलं. हॅंडीकॅम आला, कॅसेटी छोट्या झाल्या, मी राजारामपुरीत एक खोली घेतली, बाहेर पाटी लावली. दर वेळी नवं काही घ्यायचं झालं की दुकानात आपलं भांडण ठरलेलं. पट्टा कशाला, घरात नाडा हाय. पावसाचं कव्हर कशाला, खताच्या पिशवीचं प्लॅस्टिक हाय. फक्त दिव्याला तू भाव विचारायचं सोडलंस. जाळी नखानं वाजवून बघायचीस आणि बाजूला व्हायचीस. मी त्यातच समाधान मानलं. म्हटलं, ही अशीच बोलायची. मग एका पावसाळ्यात ताप डोक्यात गेला आणि तू गेलीस. हातावरचे ते पांढरे डाग तुला न्हाऊ घालताना शेवटचे बघितले.

आता कालचं. त्याच घरातल्या धाकट्या सुनेचं डोहाळजेवण. ते पाळण्यातलं पोर आता मिसरूड फुटलेला मुलगा आहे, खुर्च्या मांडत होता. त्याची आजी थकलीय, ऐकू कमी येतं. काम आवरल्यावर तिनं मला जवळ बसवलं आणि माझा डावा हात हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला.

"मी नव्हे आज्जी, ती माझी आई."

"व्हय, व्हय. ती दुसऱ्या दिवशी आलती बघ. एकटीच. मी दारातनंच म्हटलं, जावा. तर खाली बसली हुंबऱ्याबाहीर. म्हणाली, माझी चूक हाय. पोरगी चांगला दिवा घेऊया म्हणत हुती, मीच घेऊ दिला न्हाय. मला काय बोलायचं ते बोला, पण तिला धंद्यातनं उठवू नका. तिला दुसरं काय न्हाय." आजीनं माझा हात सोडला. "रडली गं. एवढी दांडगी बाई, हुंबऱ्याबाहीर बसून रडली. मग मीच आत घेतलं."

मी पिशवी भरली, दिव्याची गरम झालेली जाळी निवेपर्यंत थांबले, निघाले. एस.टी.त जागा होती तरी उभी राहिले. कोल्हापूर येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच. परक्या बाईच्या उंबऱ्याबाहेर बसून तू जे बोललीस, ते आदल्या दिवशी माझ्या शेजारी बसून, मांडीला मांडी लागलेली असताना, का नाही बोललीस? तू माझ्यासाठी रडलीस हे कळल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. बरं वाटलंही. पण त्याच्या खाली राग आहे, तो जात नाही. आणि तो कुणावर काढू? रात्रभर कूस बदलत राहिले. सकाळी गिऱ्हाईक आलं, त्याला उद्या या म्हणून परत पाठवलं. मी असं कधी करत नाही.

आता लिहून झालं आहे. हे कुठं पाठवायचं नाही, मला माहीत आहे. पण पत्ता असता तरी मी पाठवलं नसतं, अव्वा. तू उलटटपाली लिहिलं असतंस की चूक माझी होती, तर मी काय म्हणाले असते याचा सकाळपासून विचार करतेय. बहुतेक म्हणाले असते, असू दे गं, त्यात काय. आणि ते खरं नसतं.