केसाएवढे देठ

भुईगाव, १२ जानेवारी २०२५

चि. फ्लॉसी,
अ.उ.आ. मठात जाऊन तू सिस्टर झालीस, तरी थोरला मीच. त्यामुळे आशीर्वाद माझाच चालणार.

आईचं काही खरं नाही. डॉक्टरांनी हात टेकले, घरी न्या म्हणाले. सालोमी तिचं अंग पुसते, कपडे बदलते, मी पेज भरवतो. सेवेत कसूर नाही. पण रोज दुपारी ती मला एकच विचारते, जेवलास का. मी उत्तर न देता भांडी उचलून बाहेर येतो. सालोमी चिडते. एक हो म्हणायला तुमचं काय जातं, असं बायको मलाच सुनावते. तिला काय सांगू? बाबा गेले आणि आईने तुला बोर्डिंगात, मला पापडीला मावशीकडे नेऊन सोडलं. पुढे आली ती दोनदा. मग माझं लग्न होईपर्यंत फिरकली नाही. तेव्हा मी जेवलो का, हे विचारायला कोण होतं?

दुसरं काम वाडीचं. वालाच्या मांडवावर माव्याची कीड पडलीय. त्यातच पानांच्या मागे केसासारखे पांढरे देठ उभे आहेत आणि प्रत्येकाच्या टोकाला खसखशीएवढा दाणा. बुरशीच असावी. तुझी बीएस्सी कधीतरी कामाला येऊ दे. तुझं उत्तर आलं की औषध मारतो.

मदरना नमस्कार. प्रार्थनेत आम्हाला धरून ठेव.
तुझा दादा, रुडॉल्फ


नाशिक, १९ जानेवारी २०२५

ती. रुडॉल्फदादास,
सा.न.वि.वि. औषध अजिबात मारू नकोस. ती बुरशी नाही, अंडी आहेत. संध्याकाळी दिव्याशी येतो ना, जाळीच्या पंखांचा नाजूक हिरवा किडा, त्याची. पिल्लं निघाली की तुझा मावा फस्त करतील.

त्या किड्याची मादी पानावर एक थेंब टेकवते आणि वर ओढते. वाऱ्याने त्याचा ताठ देठ होतो, मग त्यावर एकच अंडं. पिल्लू बाहेर येतं ते भुकेने वखवखलेलं. पुढ्यात येईल ते खातं, शेजारचं भावंडसुद्धा. म्हणून प्रत्येकाला वेगळा देठ, असं आमच्या बाई शिकवायच्या.

दादा, बाबा गेल्यावर घरात काय होतं, आठव. आई भाजीची पाटी घेऊन मुंबईला जायची, आणि ती विकली गेली तर आपली चूल पेटायची. ती पापडीला दोनदाच आली, हे खरं. दोन्ही वेळा ती गेल्यावर तू दिवसचे दिवस अन्नाला शिवला नाहीस. शेवटी मावशीने हात जोडले, की बाई, तू येऊ नकोस, पोर जेवत नाही. मागे मला भेटायला आली तेव्हा मठाच्या भेटीच्या खोलीतल्या जाळीपलीकडून आईने हे सांगितलं, आणि तुला सांगू नकोस म्हणाली. मेलेल्या बहिणीला बोल लागेल म्हणून. आज मी तिचा शब्द मोडतेय.

मला मठ सोडून येता येणार नाही. तिच्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडेच आहे, आणि ते लवकर दे.
माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी फ्लॉसी


भुईगाव, २७ जानेवारी २०२५

चि. फ्लॉसी,
अ.उ.आ. किड्यांच्या गोष्टी सांगून मला वळवू नकोस. माणूस म्हणजे किडा नव्हे. औषध मारलेलं नाही, एवढंच.

मावशीकडे मी ताट भिरकावलं होतं, ते लख्ख आठवतं. कशासाठी, ते आजवर आठवत नव्हतं. तुझं पत्र वाचल्यापासून मला झोप नाही.

आईचा आवाज बसलाय. आज तिने विचारलंच नाही. मी भांडी घेऊन उंबऱ्यात बराच वेळ उभा राहिलो, तरी नाही. मला फार भीती वाटते.
दादा


भुईगाव, ९ फेब्रुवारी २०२५

चि. फ्लॉसी,
अ.उ.आ. आई गेल्याचं तुला मठाच्या फोनवर कळलंच. बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

मागचं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दुपारी मी माझं ताट घेऊन तिच्या खाटेशी जमिनीवर बसलो. भात आणि आपल्याच वालाची भाजी. एकेक घास खात गेलो. ती बोलू शकत नव्हती, पण शेवटच्या शितापर्यंत बघत होती. मग हात खाली सोडून तिने ताट चाचपलं, काही टाकलंय का ते बघायला. मी म्हटलं, जेवलो आई, पोटभर. तिने डोळे मिटले. पुढे ती असेपर्यंत रोज तिथेच जेवलो. थोडेच दिवस मिळाले, फ्लॉसी. मी फार उशीर केला.

अंत्यविधीच्या मिस्साला अख्खा गाव होता. मातीवर सालोमीने वाडीतली फुलं वाहिली. वालावरचा मावा गेलाय. देठ मात्र अजून उभे आहेत, टोकं रिकामी. शेंगा खुडताना माझा हात त्यांना चुकवून जातो.

आता दुपारी घरात विचारणारं कोणी नाही. लोभ ठेव, आणि यापुढे पत्रात नमस्कार नंतर लिही. आधी विचार, जेवलास का.
तुझा दादा, रुडॉल्फ